तांबडीने गिळलेले छर्रे

मला सायकल दुरुस्त करता येते, ही बातमी मला माझ्याच बघण्याच्या कार्यक्रमात कळली.

सांगलीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत पाहुणे बसले होते. मुलगा मिल्ट्रीत, रजेवर आलेला. तो मान खाली घालून सतरंजीचे पट्टे न्याहाळत होता. त्याचे वडील, म्हणजे माझे होणारे सासरे, हेही मिल्ट्रीतूनच पेन्शनवर आलेले. त्यांच्या मिशा अशा होत्या की माणसाला वेगळं बोलायची गरज पडू नये. आणि ते बोलतही नव्हते. माझ्या होणाऱ्या सासूबाई डोक्यावरचा पदर सावरत आमच्या मांडणीवरची भांडी बघत होत्या.

लग्न जुळवणारे गृहस्थ म्हणाले, "मुलीला काय काय येतं ते सांगा की."

आईनं सांगितलं. शिवण, विणकाम, पुरणपोळी, भरतकाम. यातलं काही न येणारी मुलगी त्या काळी सांगलीत शोधून सापडली नसती, त्यामुळे पाहुण्यांनी नुसत्या माना हलवल्या. पुन्हा शांतता. माझे बाबा एका हळदीच्या पेढीवर कारकून होते. दिवसभर तिथला सौद्याचा गलका ऐकायची सवय, त्यामुळे त्यांना शांतता अजिबात सोसायची नाही. खोलीत कुणी बोललं नाही की ते कासावीस व्हायचे. त्या दिवशीही झाले आणि म्हणाले,

"आणि सायकल दुरुस्त करते!"

आईच्या हातातली बशी कलंडली. मी दाराआडून बाबांकडे बघितलं. (मुलीनं दाराआडून बघायचं नसतं, पण बातमीच तशी होती.)

सासऱ्यांच्या मिशा पहिल्यांदाच हलल्या. "काय म्हनला?"

"सायकल. सगळी खोलते आणि परत जशीच्या तशी बसवते."

"कुनी शिकवलं?"

"मीच की!"

खरी हकीकत एवढीच होती की, एकदा बाबांच्या सायकलची चेन आमच्या दारात उतरली होती आणि मी छत्रीच्या टोकानं ढकलून ती परत चढवली होती. मग मी हात पडद्याला पुसले आणि आईनं मला बडवलं. सायकल दुरुस्तीचं माझं सगळं शिक्षण ते एवढंच.

"पसंत हाय," सासरे म्हणाले. नवरा मुलगा अजून सतरंजीच बघत होता.

लग्न झालं. मी रहिमतपूरच्या अलीकडच्या एका खेड्यात नांदायला आले. घर ऐसपैस, भोवती ऊस, अंगणात कोंबड्या. महिन्याभरात यांची रजा संपली आणि हे पलटणीत परत गेले. घरात उरलो आम्ही तिघंच. मामंजी, आत्याबाई (म्हणजे माझ्या सासूबाई) आणि मी. हे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी सायकल ढकलत अंगणात आले, गोणपाट अंथरलं, त्यावर सायकल उलटी करून उभी केली आणि शेजारी एक पाना, एक पक्कड, एक डिसमिस आणि ग्रीसचा डबा असं सगळं एका रांगेत मांडलं. मग दोन्ही हात पाठीमागं बांधून ताठ उभे राहिले.

"सूनबाई, मागलं चाक लय कुरकुरतंय. बग जरा. पोरगा जाईस्तवर थांबलो. म्हटलं, नव्या नवरीला कशाला लगेच कामाला लावा!"

नाही म्हणावं, तर बाबा खोटारडे ठरतात. हो म्हणावं, तर समोर सायकल आहे! मी पदर खोचला, चाकाजवळ गेले आणि डॉक्टर नाडी बघतात तसं एका तारेला हात लावला. चाक फिरवलं. कुर्र कुर्र आवाज आला.

"आवाज येतोय," मी म्हणाले.

"व्हय," मामंजी आदरानं म्हणाले.

मामंजी हलेनात. शेवटी मी म्हणाले, "मामंजी, कुणी उभं राहून बघत असलं की माझा हात चालत नाही."

"बराबर हाय!" त्यांना ते एकदम पटलं. "कामाच्या मानसाजवळ गर्दी नगं." आणि ते मळ्याकडं निघून गेले.

आता खरं म्हणजे चाकाच्या दांड्यावर चार थेंब गोडं तेल सोडलं असतं आणि गप्प बसले असते तरी भागलं असतं. पण समोर रांगेत मांडलेली हत्यारं बघितली आणि माझ्या अंगात बाबा संचारले. सगळी खोलते आणि परत बसवते! मला वाटलं, खोलायला काय लागतं? नट डावीकडं फिरवायचा की तो सुटतो. बसवताना उजवीकडं फिरवायचा. मधे आणखी काय असणार?

मधे बरंच काही असतं. नट सुटला तसा वायसर सुटला. वायसरमागून कॅरियरची पट्टी निघाली, मग मडगार्डची, मग स्टँडची. या सगळ्या जणी एकाच नटाच्या आधारानं राहत होत्या, हे मला बाहेरून कळलंच नव्हतं. चाक निघून माझ्या मांडीवर पडलं. ते मी आडवं केलं, मधला दांडा पान्यानं सोडवला आणि ओढला. तो आला. आणि त्याच्यामागून वाळलेल्या काळ्या ग्रीससकट छर्रे भराभरा गोणपाटावर सांडले. लहान, गोल, चकचकीत. काही गोणपाटावर थांबले. बाकीचे अंगण उताराचं असल्यामुळं ऐटीत घरंगळत निघाले.

आत्याबाईंच्या कोंबड्यांना सकाळचे दाणे मिळायची वेळ झाली होती!

मी "हाड हाड" म्हणेपर्यंत सगळ्या आल्या. माना वर-खाली करत त्यांनी अंगण टिपायला सुरुवात केली. मी एकीला हाकलावं तर दुसरी घुसे. सगळ्यांत पुढं तांबडी होती. ही आत्याबाईंची लाडकी. अंगानं थोराड आणि स्वभावानं हावरट. तिनं एक छर्रा चोचीत धरला, मान उंच केली आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून गिळला.

आवाज ऐकून आत्याबाई बाहेर आल्या.

"कोंबड्यास्नी काय टाकलंस गं?"

"छर्रे," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"ती कसली कडधान्यं?"

"कडधान्य नाही आत्याबाई, लोखंड! चाकातलं!"

"आगं बया!" म्हणत त्या उडी मारूनच अंगणात आल्या. मग आम्ही दोघी सासू-सुना पदर खोचून कोंबड्यांना बाजूला सारत गुडघ्यावर रांगलो. उंबऱ्याखालून, तुळशीच्या कट्ट्यामागून, गोठ्याच्या तोंडातून छर्रे गोळा केले. आधी किती होते हे मला माहीत नव्हतं, त्यामुळं किती गेले हेही कळेना. पण चाकाच्या वाटीत परत लावून बघितले तेव्हा बोटभर जागा रिकामी राहिली. ती रिकामी जागा तांबडीच्या पोटात होती.

मी तिथंच बसून रडायला लागले. म्हणाले, "मामंजींना काय सांगू?"

आत्याबाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "कायबी सांगू नगंस. त्यास्नी कळलं, तर त्ये तांबडीला कापून बगत्याल. कोंबडी कापायला त्यास्नी निमित्तच पायजेल असतंय."

अशी आमची एकी झाली. मी सायकलीसाठी गप्प, त्या कोंबडीसाठी गप्प. संध्याकाळी मामंजींनी विचारलं, "झालं का?" तर आत्याबाईच पुढं होऊन म्हणाल्या, "आवं, चाक लय घान हाय म्हनं आतनं. वाळायला ठेवलंय." मामंजींनी मान डोलवली. चाक वाळायला ठेवतात हे त्यांना नवीन होतं, पण माझ्या शिक्षणावर त्यांचा विश्वास होता.

आता तांबडीनं गिळलेलं परत कसं मिळवायचं? यांच्या जुन्या ट्रंकेत शाळेतलं एक लोहचुंबक होतं, नालेच्या आकाराचं, टोकं तांबडी रंगवलेलं. ते बघून माझी बुद्धी चालली. मी आत्याबाईंना तांबडी मांडीवर धरायला लावली आणि चुंबक तिच्या पोटावरून फिरवू लागले.

"ह्येनं काय हुतंय?"

"आत लोखंड असलं तर ओढ लागते."

आत्याबाई कान देऊन ऐकायला लागल्या. "रेडू लावल्यावानी आवाज येतुया का?"

"आवाज नाही येत. ओढ लागते."

ओढ लागली ती फक्त तांबडीला, सुटून जायची. ती फडफडली, मला चोच मारली आणि थेट गव्हाणीवर जाऊन बसली. तेव्हा मी दुसरा मार्ग धरला. चुंबकाला सुतळी बांधली आणि तांबडी जिथं जिथं जाईल तिथं तिथं तिच्या मागं चुंबक जमिनीवरून ओढत चालायला लागले. (का, ते वाचकांनी समजून घ्यावं. मी तपशिलात जाणार नाही.) या उद्योगात मला एक वाकडी सुई, बैलाच्या पायातला पत्रीचा खिळा आणि खुरपं मोडून राहिलेला तुकडा सापडला. छर्रा एकच सापडला. तो आत्याबाईंनी राखेनं घासला, धुतला आणि कोनाड्यात ठेवला.

पण खेड्यात नवी नवरी डोक्यावर पदर घेऊन, हातात सुतळी धरून कोंबडीमागं हिंडते, हे लपून कसं राहणार? शेजारच्या तानूकाकी कुंपणावरून म्हणाल्या, "काय गं, तुजी सून कोंबडीमागं काय वढत फिरतीया?"

आत्याबाई अडखळल्या नाहीत. "शिकल्याली हाय. कोंबड्यांचं पोट तपासतीया."

दुसऱ्या दिवशी तानूकाकी स्वतःची मलूल झालेली कोंबडी बगलेत मारून आल्या! मी काय करणार? चुंबक फिरवलं, गंभीर चेहरा केला आणि "पाणी जास्त पाजा" असं सांगितलं. कोंबडी बरी झाली. एका खोट्या कीर्तीखाली मी आधीच वाकले होते, त्यावर ही दुसरी.

तोवर बाजाराचा दिवस आला. आत्याबाई तेल-मीठ आणायला गाडीतून रहिमतपूरला निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "छर्र इकत मिळत असत्याल की! केवढं आनू?"

मी घाईत होते. म्हणाले, "हरभऱ्याएवढे."

यात माझं काय चुकलं? हरभरा म्हणजे हरभरा. पण आत्याबाईंनी दुकानात जाऊन आपल्या पद्धतीनं सांगितलं, "बारीक हरभरा असतोय बगा आमच्या रानातला, औंदा पान्याअभावी पोचट झाल्याला, तेवढं द्या." दुकानदारानं त्या वर्णनाला साजेसे छर्रे दिले. ते खऱ्या छर्ऱ्यांपेक्षा बारीक होते. माझ्या ते लक्षातही आलं, पण मी मनाशी म्हटलं, मोठ्यांच्या मधे थोडे धाकटे. एकत्र कुटुंबात चालतं, चाकात का नाही चालणार? वाटीत जुने, मधे नवे बसवले, वर डबाभर ग्रीस थापलं, दांडा घातला, पट्ट्या एकीमागून एक चढवल्या, नट आवळला. एक वायसर उरला. तो मी केसांच्या पिनांच्या डबीत टाकला.

आणि काय सांगू, चाक फिरलं! आवाज नाही, कुरकुर नाही. एवढ्या ग्रीसमधून कोणाचाच आवाज बाहेर येणं शक्य नव्हतं.

मामंजींनी अंगणात एक फेरी मारली. मग पाराकडं गेले. परत आले ते छाती फुगवूनच. "सूनबाई, सगळ्यास्नी सांगितलं. म्हटलं, हात लावून बगा, लोन्यावानी फिरतंय. आमच्या सूनबाईनं केलंय म्हटलं!" मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

पुढच्याच आठवड्यात सांगलीहून निरोप आला की, बाबा मला भेटायला येताहेत. मामंजी म्हणाले, "पाव्हन्यास्नी आनायला टेसनावर मी जातो. आन सायकलवरच आनतो. लेकीच्या हातची सायकल हाय, त्यास्नी बी बसून बगू द्या!"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी तांबडीकडं बघितलं. तांबडी दाणे टिपत होती.

"मामंजी, बैलगाडी नेता का?" मी विचारलं. "बाबांजवळ सामान असेल."

"सामान हांडेलला आडकवू की!"

पुढं काय घडलं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. मामंजींच्या सांगण्याप्रमाणे टेसन सोडल्यावर सायकल झकास पळत होती. बाबांच्या सांगण्याप्रमाणे टेसन सोडल्यापासूनच ती बदकासारखी डुलत होती, पण व्याह्यांच्या सायकलला नावं कशी ठेवणार, म्हणून ते कॅरियर घट्ट धरून "वा! वा!" म्हणत होते. मामंजी पुढून म्हणत होते, "कसं वाटतंय पाव्हनं?" आणि बाबा मागून म्हणत होते, "माझीच मुलगी आहे! हातात कसब आहे हो तिच्या!" एवढ्यात मागून कडाड् असा आवाज आला, चाक जागच्या जागी आवळलं आणि दोन्ही व्याही सायकलसकट शेजारच्या उसाच्या पाटात उतरले. पाटाला पाणी चालू होतं. बाबांनी आणलेली भडंगाची पिशवीही पाटात पडली. पाणी घोट्याएवढंच होतं, त्यामुळं माणसं वाचली, भडंग मात्र गेलं.

मी दारात वाट बघत उभी होते. लांबून दिसलं ते असं : मामंजी हँडल धरून पुढं, बाबा मागचं चाक जमिनीवरून उचलून मागं. दवाखान्यात पेशंट नेतात तशी दोघांनी सायकल आणली. दोघांच्याही धोतरांचा गुडघ्याखालचा रंग एकच झाला होता.

"लागलं का हो?" आत्याबाई धावल्या.

"न्हाई, न्हाई. पाव्हन्यास्नी मऊ जागा बगून पाडलं," मामंजी म्हणाले. ते रागावले नव्हते. तेच मला जास्त लागलं. चहापाणी झालं, धोतरं बदलली, आणि मामंजींनी पुन्हा गोणपाट अंथरलं. पुन्हा हत्यारांची रांग लावली. मग हात पाठीमागं बांधून म्हणाले,

"सूनबाईचं कुठंतरी चुकलं आसंल. लहान हाय आजून. पर पाव्हनं, तिला तुमीच शिकवलंय. तवा आता तुमीच बगा!"

बाबांचा चेहरा असा झाला, जणू भडंगाबरोबर तेही पाटातच राहिले असते तर बरं झालं असतं.

"बघू की, बघू की," ते म्हणाले. "फक्त कुणी उभं राहून बघत असलं की माझा हात चालत नाही."

"तुमचाबी?" मामंजी चकित झाले. "घरान्यातच हाय म्हनायचं!" आणि ते आदरानं ओसरीवर जाऊन बसले.

गोणपाटावर आम्ही बापलेक समोरासमोर. मधे उलटी सायकल.

"बाबा," मी खालच्या आवाजात विचारलं, "तुम्हाला येतं?"

"मला? मी कारकून आहे गं. हवा भरायची तरी दुकानात जातो."

"मग त्या दिवशी सांगितलंत कशाला?"

"कुणीच बोलेना! तू शांतता बघितलीस ना कशी पडली होती? कुणीतरी काहीतरी बोलायला नको?"

"मग बोलायचं की पाऊसपाण्याबद्दल!"

"तो विषय त्या आधीच संपला होता," बाबा केविलवाणेपणानं म्हणाले.

त्यांना बघून मला हसू यायला लागलं. हसू दाबायला मी पान्यानं नट सोडवायला घेतला, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझे हात आपोआप चालत होते. नट, वायसर, कॅरियरची पट्टी, मडगार्डची, स्टँडची. बाबा तोंडाचा आ करून बघत होते. "अगं, तुला येतंय की!" ते म्हणाले. (त्यांचा स्वतःच्याच थापेवर विश्वास बसायला लागला होता.)

मी दांडा ओढला. या वेळी आधी कोंबड्या लांब आहेत का ते बघितलं. बाहेर आलं ते काळं लोणी, त्यात काही मोठे छर्रे, काही बारीक, आणि काही फुटून अर्धवट झालेले.

"ह्ये दोन जातींचं कसं काय?" आवाज वरून आला. मामंजींना ओसरीवर बसवेना. ते कधी येऊन मागं उभे राहिले ते आम्हाला कळलंच नव्हतं.

मी गप्प. बाबा गप्प. आणि बाबांना शांतता सोसत नाही, हे मला माहीत होतं. ते आता काहीतरी भयंकर बोलणार, या भीतीनं मीच आधी बोलले.

"मामंजी, मला सायकल दुरुस्त करता येत नाही. कधीच येत नव्हती. छर्रे सांडले ते कोंबड्यांनी खाल्ले."

"बारीकवालं म्या आनलं," आत्याबाई पुढं झाल्या. "तिला बोलू नगासा. हरभरा म्या चुकीचा सांगितला."

"आणि तिला येतं असं मीच सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "मलाही येत नाही."

मामंजींनी तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. मिशा हलल्या नाहीत. अंगणात नुसता तांबडीचा आवाज.

मग बाबा धीर करून म्हणाले, "पण तुम्ही मिल्ट्रीतले! यंत्राबिंत्राची तुम्हाला माहिती असेल. तुम्हीच बघा ना."

मामंजींनी खाकरून घसा साफ केला. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

"म्या लंगरात हुतो," मामंजी म्हणाले.

"म्हणजे?"

"सैपाकाला. सगळी नोकरी पीठ मळन्यात गेली. बंदूक बी धरली, न्हाई असं न्हाई. पर यंतर म्हनाल तर चूल! आन तुमाला वाटतंय का, मला जमत असतं तर सुनंला कशाला म्हटलं असतं?" ते एवढं बोलून थांबले आणि मग त्या मिशांच्या खालून हसू आलं. असं आलं की कोंबड्या उडाल्या. आत्याबाई हसायला लागल्या, बाबा हसायला लागले, आणि मी हसता हसता पुन्हा रडले. पण ते रडणं वेगळं होतं. त्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदाच पाठ सैल सोडून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी एक मोठा छर्रा नमुना म्हणून रुमालाच्या टोकाला बांधून चालत रहिमतपूरला गेले. परत आले तेव्हा त्यांनी पुडी माझ्या हातात दिली. गरजेपेक्षा बरेच जास्त होते.

"एवढे कशाला मामंजी?"

"कोंबड्यांचं धरून आनलं."

तांबडीला आणि तिच्या मैत्रिणींना डालग्याखाली कोंडलं. मग आम्ही चौघं चाकाभोवती बसलो. आत्याबाईंनी जुनं ग्रीस चिंधीनं पुसून वाटी लख्ख केली. मामंजींनी ग्रीस बोटावर घेतलं, आणि त्यांचा हात बघून मी थक्क झाले. लाडवावर बेदाणा बसवावा तसा एकेक छर्रा त्यांनी हलक्या अंगठ्यानं दाबून बसवला. एकही घरंगळला नाही. बाबांनी चाक धरलं आणि मी दांडा घालून नट आवळले. जास्त आवळलं की चाक अडायचं, सैल ठेवलं की डुलायचं. मी आवळत, सोडत, पुन्हा आवळत बसले, तेव्हा कुठं मधली जागा सापडली. पिनांच्या डबीतला वायसरही आठवणीनं घातला. चाक फिरवलं. ते फिरत राहिलं, फिरत राहिलं. चौघंही टक लावून बघत होतो.

"हे आपण केलं?" बाबा म्हणाले.

सायकल उभी केली. मामंजी टांग मारायला पुढं झाले, तेवढ्यात आत्याबाईंनी हँडल धरलं.

"आवं, तुमी थांबा! काल पडलाय तेवढं बास. जिनं नट आवळलं, तिला चालवू द्या पयली. बस गं! पदर खोच आन मार एक फेरी!"

कुंपणावर तानूकाकी येऊन उभ्या होत्या. तिघंही कौतुकानं माझ्याकडं बघत होते. मी सायकलकडं बघितलं. तिचा आडवा दांडा माझ्या कमरेएवढा उंच होता.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मला सायकल चालवता येत नाही."

"म्हंजी?"

"कधी बसलेच नाही."

मामंजींनी सायकल स्टँडवर लावली. गोणपाट झटकलं. मग हात पाठीमागं बांधून ते शांतपणे बाबांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"पाव्हनं, आनिक काय काय सांगायचं ऱ्हायलंय, त्ये आत्ताच सांगून टाका."

बाबांनी प्रश्न अगदी मनावर घेतला. डोळे मिटून बराच वेळ आठवत राहिले.

"पट्टीची पोहते असं सांगणार होतो," ते म्हणाले. "पण तेवढ्यात पोहे आले."

आमच्या मळ्यातली विहीर चांगली चार पुरुष खोल आहे. मी सांगलीत कृष्णेच्या काठी वाढले खरी, पण घोट्याच्या वर कधी पाण्यात गेले नाही. लोक आपल्या संसाराचं श्रेय कुलदैवताला देतात, पत्रिकेला देतात. मी माझ्या आईला देते. त्या दिवशी तिनं पोह्यांना फोडणी जरा उशिरा दिली असती, तर ही आठवण सांगायला मी उरले नसते!